फुकट गेम छापून का येत नाही, आणि येतो तेव्हा कशामुळे येतो

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडचे दोन मित्र. नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून त्यांनी तीन वर्षांत एसटी कंडक्टरवर एक गेम केला. पुढचा थांबा यायच्या आत गाडीभर तिकिटं फाडायची, सुटे परत करायचे, खिडकीच्या जागेवरून जुंपलेली भांडणं सोडवायची. गेम फुकट ठेवलाय. मासिकं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, इंग्लंड-अमेरिकेतली गेमिंग मासिकं, सगळ्यांना मिळून चाळीस मेल गेले. उत्तर एकाचंही नाही. म्हणून ते विचारतात, ‘फुकट आहे म्हणून कुणी किंमत देत नाही का? शंभर रुपये लावले तर छापतील?’

मी तेरा वर्षं संगणकावरच्या एका मासिकात काढली. गेमची पानं लिहायचे, आणि त्याहून जास्त वेळ अंकाला चिकटवून जाणारी सीडी, नंतर डीव्हीडी भरायचे. म्हणजे असे मेल जिथे येऊन पडतात त्याच खुर्चीत मी बसायचे. आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच मीही न उघडता सोडलेत.

आधी एक बारकी गोष्ट. तुमच्या प्रश्नातली लिंक मी उघडून पाहिली. गूगल ड्राइव्हनं ‘परवानगी मागा’ अशी पाटी दाखवली. चाळीस जणांपैकी ज्या दोघा-तिघांनी क्लिक करायचे कष्ट घेतले असतील, त्यांनाही हीच पाटी दिसली असणार. परवानगी मागून वाट बघत बसणारा संपादक मी तरी पाहिलेला नाही. हे आज रात्रीच सुधारा, जमलं तर गेम इच.आयओ या छोटे गेम ठेवायच्या साइटवर चढवा. पण लिंक चालली असती तरी फार फरक पडला नसता, म्हणून पुढचं लिहिते आहे.

तुम्हाला वाटतंय अडचण ‘फुकट’ ही आहे. माझ्या मते अडचण ही आहे की तुमच्या गेमला ‘आज’ नाही. मासिकात दर मजकुराला एक प्रश्न विचारला जातो: हे याच अंकात का? विकतच्या गेमकडे याचं उत्तर आयतं असतं. अमुक तारखेला दुकानात येतोय, कंपनीनं महिनाभर आधी प्रत पाठवली आहे, आणि बहुतेक वेळा दोन पानं सोडून त्याचीच जाहिरात आहे. फुकट गेम एखाद्या मंगळवारी रात्री गुपचूप इंटरनेटवर येतो. आठवड्यानं त्याची 1.01 आवृत्ती येते, महिन्यानं 1.02. या अंकात नाही घेतला तर पुढच्या अंकात घेऊ, आणि पुढच्या अंकातही हेच. माझ्या वहीत ‘पुढच्या अंकात’ या मथळ्याखाली एक यादी होती. त्यातले निम्मे गेम कधीच छापून आले नाहीत, आणि त्यातले काही मला अतिशय आवडलेले होते.

दुसरी गोची परीक्षणाची आहे. गेमचं परीक्षण म्हणजे मुळात खरेदीचा सल्ला. वाचकानं हजार-दोन हजार घालावेत की नाही हे सांगायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. जिथे पैसेच घालायचे नाहीत तिथे सल्ला कशाचा? ‘उतरवून बघा, नाही आवडला तर पुसून टाका’ हे एका ओळीत संपतं. त्यामुळे फुकट गेमच्या वाट्याला ऐंशी शब्दांची चौकट यायची. ‘या महिन्याचे पाच फुकट गेम’ अशा पट्टीत, पानाच्या उजव्या कडेला, अंगठ्याएवढ्या चित्रासकट. ऐंशी शब्दांत काय सांगणार? गेम कसला आहे, कुणी केलाय, कुठे मिळेल. लेखकाचं मत मांडायला जागाच उरत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण स्पेलंकी हा गेम. डेरेक यूनं तो ‘गेम मेकर’ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवून 2008 च्या डिसेंबरात फुकट सोडला. नादी लागलेल्यांना तेव्हाच कळलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे. दर वेळी नव्यानं रचली जाणारी गुहा, आणि मेलं की पुन्हा पहिल्यापासून. नंतर नवी चित्रं, नवं संगीत घालून त्याची विकत आवृत्ती 2012 मध्ये एक्सबॉक्सवर आणि 2013 मध्ये पीसीवर आली, आणि पीसी गेमर या मासिकानं तो 2013 चा वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून निवडला. गाभा पाच वर्षांपूर्वीचाच होता. पण या वेळी त्याला तारीख होती, किंमत होती आणि परीक्षणाच्या साच्यात तो बसत होता. दाइसुके अमायानं पाच वर्षं एकट्यानं खपून केलेला केव्ह स्टोरी 2004 मध्ये फुकट आला आणि 2010 मध्ये निंटेंडो या जपानी कंपनीच्या वी या कन्सोलवर विकत आला. तिथेही गोष्ट फार वेगळी नाही.

म्हणजे किंमत लावली की झालं? इथेच मला तुम्हाला थांबवायचं आहे. या दोघांना किंमत लावता आली, कारण फुकट असताना त्यांचं नाव झालं होतं. तुमचं अजून झालेलं नाही. आज शंभर डॉलर भरून कुणीही स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम ठेवू शकतो, आणि 2024 या एका वर्षात तिथे अठरा हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला साधारण पन्नास. त्या गर्दीत शंभर रुपयांची चिठ्ठी लावून उभं राहणं म्हणजे फुकटपणाचा एकुलता एक फायदाही घालवून बसणं. फुकट गेम वाचक वाचता वाचता उतरवतो. विकतचा ‘नंतर बघू’ म्हणून यादीत टाकतो.

आणि फुकट गेमवर पानंच्या पानं आलेली आहेतच. फक्त त्यातली बरीच गेमिंगच्या मासिकांबाहेर आली. जेसन रोररचा पॅसेज हा 2007 चा पाच मिनिटांचा फुकट गेम. डावीकडून उजवीकडे चालायचं, वाटेत जोडीदार भेटली तर भेटली, शेवटी म्हातारं होऊन मरायचं. त्याच्यावर 2008 मध्ये एस्क्वायरनं मोठा लेख केला. एस्क्वायर म्हणजे पुरुषांच्या फॅशनचं आणि दीर्घ लेखांचं मासिक, गेमशी त्याचं देणंघेणं नाही. पण न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम गावात बायकामुलांसह कमालीच्या काटकसरीनं राहणारा, एकट्यानं गेम करणारा माणूस त्यांना दिसला. तसंच ड्वार्फ फोर्ट्रेस या गेमचं. टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी 2006 पासून तो फुकट दिला आणि लोकांच्या देणग्यांवर जगले. तेव्हा पडद्यावर चित्र म्हणून काही नव्हतं, नुसती अक्षरं आणि चिन्हं. त्यांच्यावर 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिननं भलामोठा लेख छापला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनं संग्रहासाठी पहिले चौदा गेम निवडले. पॅकमॅन आणि टेट्रिसच्या पंगतीत हे दोन्ही फुकट गेम होते.

तेव्हा परीक्षणाचं दार फुकट गेमला जवळपास बंद आहे, पण माणसाच्या गोष्टीचं सताड उघडं आहे. तुम्ही चाळीस जणांना ‘रिक्वेस्ट फॉर गेम रिव्ह्यू’ असा मेल पाठवलात. बंद दारावरच चाळीसदा टकटक केलीत.

एक तिसरं दार होतं. ते आता राहिलेलं नाही, पण त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण माझी हयात तिथे गेली. ते दार म्हणजे डिस्क.

नव्वदच्या दशकात शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डेव्ह खेळला नाही असा मराठी माणूस विरळा. लाल टोपी, करंडक उचलायचा, दरवाजा गाठायचा. तो डेव्ह मुळात मासिकाबरोबरच आला. जॉन रोमेरो या अमेरिकन प्रोग्रॅमरनं 1988 मध्ये अपटाइम नावाच्या मासिकातल्या आपल्या लेखाला जोड म्हणून तो लिहिला, आणि ते मासिक कागदावर नव्हे तर फ्लॉपीवर निघायचं. रोमेरो नंतर लुइझियानातल्या सॉफ्टडिस्क या अशीच फ्लॉपीवरची मासिकं काढणाऱ्या कंपनीत गेला. पुढे तो आणि तिथल्याच काही जणांनी बाहेर पडून डूम हा गोळीबाराचा गेम केला, आणि त्याचा पहिला भाग 1993 मध्ये शेअरवेअर म्हणून, म्हणजे आवडला तर पुढचे भाग विकत घ्या अशा बोलीवर, फुकट वाटला. आपल्या लॅबमध्ये डेव्ह कुणाच्या खिशातून आला हे आता कुणालाच सांगता येणार नाही, पण मूळ धागा तिथवर जातो.

आमच्याकडे हा धागा सीडीच्या रूपानं आला. डायल-अपवर एखाद्या गेमचा 300 एमबीचा डेमो, म्हणजे चाखायला दिलेला भाग, उतरवायला अख्खा दिवस लागायचा, मध्ये कुणी फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वाचक अंक घ्यायचे ते निम्मे डिस्कसाठी. सीडीवर 700 एमबी जागा. मोठ्या कंपन्यांचे दोन डेमो, ड्रायव्हर, अँटिव्हायरस घातला तरी शे-दीडशे एमबी उरायचे, आणि ते भरायला फुकट गेमइतकं सोयीचं काही नव्हतं. डीव्हीडी आली आणि जागा एकदम 4.7 जीबी झाली. संपादक म्हणाले, ‘भर.’ मी भरत सुटले. केंटा चो या जपानी प्रोग्रॅमरचे विमानं पाडायचे गेम, हाँगकाँगच्या दोघांनी केलेला लिटिल फायटर 2, विद्यार्थ्यांनी कॉलेजात केलेले कोडी सोडवायचे गेम. अंकात यांना ऐंशी शब्द, पण डिस्कवर ते प्रत्येक वाचकाच्या घरी पोचायचे. इंजिनीअरिंगच्या होस्टेलमध्ये एक डिस्क अख्ख्या मजल्यावर फिरायची.

मास्टर डिस्क प्रेसला जायच्या आदल्या रात्रीचं काम असं असायचं: प्रत्येक झिप उघडायची, चार वेगवेगळ्या अँटिव्हायरसमधून काढायची, विंडोजच्या ताज्या कोऱ्या मशीनवर चालवून बघायची, आणि रीडमी, म्हणजे गेमसोबत येणारी सूचनांची फाइल, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. हे शेवटचं मी एकदा केलं नाही. युरोपातल्या एका विद्यार्थ्याचा गेम घातला. त्याच्या रीडमीच्या तळाशी स्पष्ट लिहिलं होतं, मासिकाच्या डिस्कवर घालायचा असेल तर आधी विचारा. अंक बाजारात गेल्यावर त्याचा मेल आला. चिडलेला नव्हता, त्यामुळे जास्त लाज वाटली. पुढच्या अंकात दिलगिरी छापली. तेव्हापासून मी फुकट आणि बेवारस यांतला फरक कधी विसरले नाही. फुकट गेमवरही कर्त्याचा हक्क असतोच. त्यानंतर मी प्रत्येकाला मेल करायला लागले, आणि बहुतेकांची उत्तरं दोन ओळींची असायची: ‘हो, चालेल. एक अंक पाठवाल का?’ परदेशी पोस्टाचा खर्च अंकाच्या किमतीहून जास्त व्हायचा. लेखा विभाग कुरकुरायचा, मी पाठवायचे.

ब्रॉडबँड आलं आणि डिस्क हळूहळू निरर्थक झाली. डिस्क गेली तशी फुकट गेमची मासिकातली हक्काची जागाही गेली. लोक म्हणतात, मासिकांनी छोट्या गेमकडे पाठ फिरवली. मला तसं वाटत नाही. मासिकाला त्यांची गरज होती ती भोक भरण्यासाठी. भोकच राहिलं नाही. हे ऐकायला कडू आहे, पण ती डिस्क मीच भरत होते.

तर तुम्ही काय करायचं? हे तुम्हाला छापून येण्यातून काय हवंय यावर अवलंबून आहे, आणि प्रश्नात ते लिहिलेलं नाही. खेळणारे हवे असतील तर छापील मासिकामागे धावू नका. अमंग अस हा गेम 2018 मध्ये आला आणि दोन वर्षांनी स्ट्रीम करणाऱ्यांमुळे, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्यांमुळे, उचलला गेला, मासिकांमुळे नाही. तुमच्या गेमला मराठीत बडबड करत खेळणारा एखादा यूट्यूबवाला चाळीस संपादकांना भारी पडेल. नोकरी हवी असेल तर गेम चालता ठेवा आणि कोड नीट मांडून ठेवा, मुलाखतीत तेच बघतात. पण घरच्यांना पटवायचं असेल, कुठे अर्ज करायचा असेल, किंवा सरळ सांगायचं तर छापील नाव बघायचं असेल, तर कात्रणाला आजही तोड नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या पहिल्या लेखाचं कात्रण आईनं लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलं होतं.

कात्रण हवं असेल तर मेल बदला. विषयाच्या ओळीत ‘रिव्ह्यू’ हा शब्द नको. ‘एसटी कंडक्टरचा गेम, सांगलीच्या दोघांनी केलेला, दहा मिनिटांत खेळून होतो, फुकट’ एवढं पुरे. आत गेमच्या खुब्यांची यादी नको. मला हे हवंय: तुमच्यापैकी कुणाच्या घरी कंडक्टर होतं का? सुटे पैसे देण्याचा हिशेब तुम्ही कुणाला विचारून बसवलात? तिकिटांची ती पेटी आणि पंचाची टिकटिक तुम्ही कुठून रेकॉर्ड केलीत? हल्ली हातात मशीन आलंय, तरी तुम्ही पेटीच का ठेवलीत? यातल्या एकाचं जरी खरं उत्तर असेल तर तो पहिला परिच्छेद. तयार ऐंशी शब्द वेगळे जोडा, जसेच्या तसे छापता येतील असे. ठरलेली जाहिरात ऐन वेळी आली नाही की अर्धं पान मोकळं पडतं, आणि रात्री अकरा वाजता उपसंपादक तयार मजकूर आणि तयार चित्र शोधत असतो. माझ्या हातून छापून आलेल्या फुकट गेमपैकी कित्येक असेच लागले.

तयार चित्र म्हणजे काय, हेही सांगते, कारण इथे जवळपास सगळे चुकतात. छपाईला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, लागतात. तुमचा गेम 320 बाय 240 पिक्सेलचा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट कागदावर जेमतेम एक इंच रुंद येतो. पॅसेज तर 100 बाय 16 पिक्सेलचा आहे, म्हणजे छापला तर साडेआठ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटरही उंच नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. मग पान लावणारा काय करतो? फोटोशॉपमध्ये ताणून मोठं करतो, आणि तुमचे टोकदार चौकोन फुगलेल्या पुऱ्यांसारखे गोल, धूसर होतात. तेव्हा तुम्हीच आठपट मोठं करून पाठवा, आणि मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’ हा पर्याय निवडा म्हणजे कडा जशाच्या तशा राहतील. शिवाय एक फोटो तुम्हा दोघांचा, खऱ्या एसटीसमोर. वर्तमानपत्राच्या पुरवणीत स्क्रीनशॉट नाही, तो फोटो लागेल. पैज लावते.

राहिली तारीख. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीनं केलेला राजी हा गेम 2020 च्या ऑगस्टमध्ये निंटेंडोनं आपल्या कार्यक्रमात दाखवला आणि त्याच दिवशी विक्रीला आणला. जगभर त्याची दखल घेतली गेली. गेम देखणा होताच, पण ती तारीख आणि ते व्यासपीठही होतं. तुमच्यामागे निंटेंडो नाही. पण एसटी आहे. पहिली एसटी 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर धावली, आणि दर 1 जूनला मराठी वर्तमानपत्रं एसटीवर काहीतरी छापतातच. दर वर्षी त्याच आठवणी, तेच लाल डब्याचे फोटो. त्या दिवशी पुरवणीच्या संपादकाला नवं काही हवं असतं, आणि तुमच्याकडे ते आहे.

तेव्हा आज गेमवर ‘1.0’ लिहिलेलं असेल तर ते काढून ‘0.9’ करा आणि 1.0 एक जूनसाठी ठेवा. मासिकांना मेल एप्रिलच्या मध्यापर्यंत गेला पाहिजे, कारण जूनचा अंक मेच्या सुरुवातीलाच बंद होतो. पुरवण्यांना मेच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि दैनिकाच्या सांगली आवृत्तीला चार दिवस आधी फोन करून. फोन दुपारी बारा ते तीनमध्ये करा, संध्याकाळी पानं लागत असतात. मेलमध्ये इच.आयओची लिंक घाला आणि पाठवण्याआधी ती दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा.